मुसाफिर किती दिवस मुसाफिर असतो?

प्रवासात असलेल्या मुसलमानाला नमाजात सवलत आहे. जोहर, असर आणि इशा या चार रकातींच्या नमाजा तो दोन-दोन रकातींत पढू शकतो. याला कसर म्हणतात. पण ही सवलत किती दिवस? आम्ही कोकणातले मुसलमान शाफई. आमच्याकडे नियम असा की एखाद्या गावी पोहोचण्याचा आणि तिथून निघण्याचा दिवस सोडून पूर्ण चार दिवस राहायचं ठरवलं, की तुम्ही मुसाफिर उरत नाही. तुम्ही मुकीम, म्हणजे तिथले रहिवासी होता आणि नमाज पूर्ण पढता. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी. त्यांच्याकडे ही मर्यादा पंधरा दिवसांची आहे.

लहानपणी मदरशात हे पाठ केलं तेव्हा त्याचा उपयोग परीक्षेपुरताच होता. साठी उलटल्यावर, 2024 च्या नोव्हेंबरात, तो रोजचा विषय झाला. कारण तीन आठवडे आम्ही चौघं चाकांवरच्या घरात राहत होतो. मोठी बहीण, जिला आम्ही आपा म्हणतो, दुल्हेभाई, मी आणि माझी पत्नी. दक्षिण स्पेनमधून निघून, समुद्र ओलांडून, मोरोक्कोत जाऊन परत यायचं, एवढंच ठरलेलं. घाई कशाचीच नव्हती.

चौघंही वाशिष्ठीच्या खाडीकाठची. आमची घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. पण पासपोर्ट दोन रंगांचे. आपा लग्न करून 1981 साली इंग्लंडला गेली. दुल्हेभाईंनी बर्मिंगहॅममध्ये आयुष्यभर सिटी बस चालवली आणि निवृत्तीच्या पैशांतून एक जुनं मोटरहोम घेतलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत गावीच राहिलो.

या पासपोर्टांचा फरक निघण्याआधीच दिसला. स्पेनसाठी आम्हाला शेंगेन व्हिसा काढायचा होता. बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनचा दाखला, तीस हजार युरोंचा विमा, माणशी नव्वद युरो फी, हे सगळं झालं. मग एक रकाना आला : कोणत्या तारखेला कुठे मुक्काम? मोटरहोमची सगळी गंमतच यात आहे की आज रात्री कुठे थांबणार हे सकाळी माहीत नसतं. जागा आवडली तर राहायचं, नाही आवडली तर पुढे जायचं. पण आमच्या पासपोर्टला ही मोकळीक नाही. भाचीने इंग्लंडहून कॅम्पिंगच्या जागांचं तारीखवार आरक्षण करून कागद पाठवले, ते जोडले आणि पुढे आम्हीही ते बऱ्यापैकी पाळले. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा मागावा लागला. मोरोक्को शेंगेनच्या बाहेर आहे, त्यामुळे एकदा बाहेर पडलो की सिंगल एंट्री व्हिसावर स्पेनमध्ये परतता आलं नसतं. मोरोक्कोचा ई-व्हिसा वेगळा. तो त्या मानाने सोपा गेला, कारण हातात शेंगेन व्हिसा असला की भारतीयांना ऑनलाइन अर्ज करता येतो.

आपा-दुल्हेभाईंना यातलं काहीच लागलं नाही. पण ब्रेक्झिटनंतर त्यांच्याही मागे एक हिशेब लागलाय. शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. पूर्वी ब्रिटिश पेन्शनर मोटरहोम घेऊन अख्खा हिवाळा स्पेनच्या उन्हात काढत. आता ते दिवस मोजतात आणि संपत आले की समुद्र ओलांडून मोरोक्कोत जातात. तिथे त्यांना स्वतंत्र 90 दिवस मिळतात. म्हणजे बाहेरून निवांत दिसणाऱ्या या गाड्यांमध्येही कॅलेंडर आहेच. शाफईंचे चार, हनफींचे पंधरा, शेंगेनचे नव्वद. पाहुणा किती दिवस पाहुणा, हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवलेलं आहे.

आम्ही मालागाला विमानाने उतरलो. गाडी घेऊन ते दोघं आधीच आले होते. ज्यांनी मोटरहोम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली दीड खोली. पुढे चालकाची जागा, मागे पलंग, मध्ये टेबल, दोन शेगड्या, फ्रीज, आणि कपाटाएवढा संडास. पिण्याच्या पाण्याची एक टाकी, सांडपाण्याची एक. घर आपोआप चालतं याची सवय इथे मोडते. पाणी किती उरलं, गॅस किती उरला, मैल्याची पेटी कुठे रिकामी करायची, यावर दिवसाचा मार्ग ठरतो. चौघांनी अंघोळ केली की टाकी तळाला. लहानपणी विहिरीवरून घागरी वाहिलेल्या आपाला पाणी जपायला शिकवावं लागलं नाही. मसाल्याचे डबे तिने घरून आणले होते. मांस मात्र नव्हतं, कारण ब्रिटनमधून युरोपात आता मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

गाडी ब्रिटिश, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे, आणि स्पेन-मोरोक्कोत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. ओव्हरटेक करताना समोरचं चालकाला दिसत नाही, डावीकडे बसलेल्याला दिसतं. ते काम माझ्याकडे आलं. 'थांबा', 'ट्रक आहे', 'आता जा'. तीन आठवडे मी हेच तीन शब्द सर्वांत जास्त बोललो असेन. त्यापायी आम्ही बहुतेक वेळा ट्रकच्या मागेच राहिलो.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऑलिव्हच्या बागा. नोव्हेंबर म्हणजे सुगीचे दिवस. झाडाखाली जाळं पसरायचं, फांद्या झोडपायच्या, फळं गोळा करायची. पंधरा दिवसांनी मोरोक्कोत रीफच्या डोंगरात नेमकं हेच दृश्य पाहिलं. माणसांचे कपडे वेगळे आणि ओझ्याला ट्रॅक्टरऐवजी गाढव, एवढाच फरक.

कोर्दोबाच्या मशिदीवर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. पहिल्या अब्दुर्रहमानने आठव्या शतकाच्या अखेरीस ती बांधायला घेतली. 1236 साली शहर ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेलं आणि तिचं कॅथेड्रल झालं. आज तिकीट काढून आत जाता येतं, नमाज पढता येत नाही. साडेआठशेंच्या वर खांब आहेत आणि मधोमध सोळाव्या शतकात उभारलेलं चर्च. माझ्या मनात एक वेगळीच गोष्ट राहिली. या मशिदीचा मेहराब मक्केच्या नेमक्या दिशेला नाही. मक्का कोर्दोबाच्या पूर्वेला, जराशी दक्षिणेकडे झुकलेली. मेहराब मात्र बराच दक्षिणेकडे वळलेला आहे. शतकानुशतकं लोकांनी तिकडे तोंड करून नमाज पढली. रात्री पार्किंगमध्ये मोबाइलवर किब्ला शोधून पलंग आणि टेबल यांच्या मधल्या फटीत मुसल्ला तिरका टाकताना ते आठवलं आणि बरं वाटलं.

समुद्र ओलांडायचा तो अल्हेसिरास बंदरातून. हे नाव मूळ अरबी, अल-जझीरा अल-खदरा, म्हणजे हिरवं बेट. आपल्या मुरुडच्या जंजिऱ्याचं नावही याच 'जझीरा'वरून आलेलं. शेजारी जिब्राल्टरचा खडक, म्हणजे जबल तारिक. 711 साली तारिक बिन जियाद इथे उतरला, त्याच्या नावाचा डोंगर. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर आहे. स्वच्छ हवेत पलीकडचा किनारा उघड्या डोळ्यांनी दिसतो. बंदराच्या अलीकडे एका मोठ्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मोरोक्कोला निघालेली मोटरहोमं रांगेने उभी होती. जर्मन, फ्रेंच, डच, ब्रिटिश. बहुतेक साठीच्या पुढचे. खुर्च्या टाकून एकमेकांना रस्त्यांची, पाण्याची माहिती देत होते.

बोट दीडेक तासाची. पासपोर्ट बोटीवरच तपासतात. मोरोक्कोचा पोलीस एका टेबलामागे बसलेला असतो आणि त्याच्यासमोर रांग. आपा-दुल्हेभाईंच्या पासपोर्टवर ठपाठप शिक्के पडले. माझा पासपोर्ट त्याने सावकाश चाळला, ई-व्हिसाचा कागद पाहिला, धंदा विचारला. इंग्रजी 'टीचर' त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही, तेव्हा मी म्हणालो, "मुअल्लिम." तो हसला, शिक्का मारला आणि वर एका हिंदी नटाचं नावही घेतलं. माझ्या पत्नीला त्याने काहीच विचारलं नाही, मुअल्लिमची बायको म्हणून सोडली. पलीकडच्या तांजे मेद बंदरावर वेगळी तपासणी झाली ती गाडीची. परक्या देशाची गाडी तात्पुरती आत आणल्याची नोंद करून एक कागद देतात. बाहेर जाताना गाडी सोबत न्यावीच लागते, विकून मोकळं होता येत नाही. म्हणजे त्या देशात गाडीसुद्धा मुसाफिर.

तांजे शहर तिथून चाळीसेक किलोमीटर. आम्ही गेलो ते इब्न बतूतासाठी. तो इथलाच, 1304 साली जन्मलेला. 1325 साली, एकविसाव्या वर्षी, हजसाठी एकटाच निघाला आणि जवळजवळ तीस वर्षं फिरत राहिला. इथल्या विमानतळाला त्याचं नाव आहे. जुन्या वस्तीत, चढणीच्या अरुंद बोळात, त्याची म्हणून दाखवली जाणारी लहानशी कबर आहे. खरी त्याचीच का, याबद्दल शंका घेतली जाते. आम्ही फातिहा पढलो. खरी नसली तरी कुणा ना कुणाला पोहोचलीच असेल.

आम्हा मराठी माणसांचं इब्न बतूताशी नातं आहे. दिल्लीत मुहम्मद तुघलकाकडे काही वर्षं काझी राहिल्यावर 1342 साली तो सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला. वाटेत तो दौलताबादला थांबला, नंदुरबारला थांबला. तिथल्या मराठा लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की ते कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात हुशार आहेत, आणि त्यांचं खाणं म्हणजे भात, भाजी, तिळाचं तेल. पुढे खंबायत, गोवा, होन्नावर. होन्नावरचे मुसलमान शाफई आहेत हे त्याने टिपलं आणि तिथे मुलींच्या तेरा शाळा पाहिल्याचंही लिहिलं. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरून त्याचं गलबत खाली गेलं, त्याला पावणेसातशे वर्षं झाली. परतल्यावर फेजच्या सुलतानाच्या सांगण्यावरून त्याने हा सगळा प्रवास तोंडी सांगितला आणि ग्रनाडाहून आलेल्या इब्न जुझय नावाच्या लेखकाने तो लिहून काढला.

इब्न बतूताची गोष्ट निघाली की लोक उसासा टाकतात, 'तेव्हा पासपोर्ट नव्हते, माणूस कुठेही जाऊ शकत होता.' हे तितकंसं खरं नाही. इजिप्त आणि शाम यांच्या वाटेवर कतिया नावाचं ठाणं होतं, त्याचं वर्णन त्यानेच केलंय. तिथे परवान्याशिवाय कुणालाही पलीकडे जाऊ देत नसत. रात्री कुणी चोरून जाऊ नये म्हणून वाळू सपाट करून ठेवत आणि सकाळी तिच्यावर पावलं उमटलीत का ते पाहत. सीमा तेव्हाही होती. इब्न बतूतापाशी मात्र परवान्याएवढीच मोलाची एक गोष्ट होती. तो काझी होता, आलिम होता. पोहोचेल तिथे कुणीतरी त्याला आपला मानत असे. माझं 'मुअल्लिम' बोटीवर जेवढं चाललं, त्याच्या हजारपट त्याचं चाललं.

तिथून तेतुआन ओलांडून आम्ही रीफच्या डोंगरातल्या शेफशाऊनला गेलो आणि तिथेच रमलो. निळी घरं म्हणून हे गाव आता फोटोंमुळे जगभर ठाऊक आहे. ते वसवलं 1471 साली. अंदलुस हातातून जात होतं, 1492 मध्ये ग्रनाडाही गेलं, तेव्हा तिथून निघालेले मुसलमान आणि यहुदी इथे येऊन राहिले. तेतुआन तर ग्रनाडाच्या लोकांनीच पुन्हा उभारलं. पुढे 1609 ते 1614 या काळात स्पेनने उरलेल्या मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही हाकललं. त्यातलेही पुष्कळ या किनाऱ्यावर उतरले. म्हणजे आम्ही ज्या वाटेने सावकाश, चहा पीत आलो, त्याच वाटेने हे लोक घरं सोडून आले होते. मुसाफिर म्हणून आले आणि मुकीम झाले.

गावाच्या वरच्या अंगाला, झाडीत, मोटरहोमांसाठी जागा आहे. सकाळी पायवाटेने खाली उतरायचं, गोल पाव घ्यायचा, पुदिन्याचा चहा प्यायचा. मशिदीत गेलो तर बहुतेक लोक हात खाली सोडून नमाज पढत होते, कारण मोरोक्को मालिकी पंथाचा. आम्ही छातीखाली हात बांधलेले. कुणी वळूनही पाहिलं नाही. तिथे किती दिवस राहायचं यावर चर्चा झाली आणि सहा दिवस असं ठरलं. ठरल्याक्षणी आमची कसर संपली.

"शरियतने आपल्याला शेफशाऊनचे रहिवासी केलं," दुल्हेभाई म्हणाले, "आता इथल्या सरकारला तेवढं कळवायला हवं."

खरा वाद पुढेच होता. घर सोबत घेऊन फिरणारा मुसाफिर असतो का? दुल्हेभाईंचं म्हणणं, घरच्या पलंगावर झोपतो, घरच्या टोपातला भात खातो, मग कसली सवलत? हा प्रश्न जुनाच आहे. बायकामुलांसह जहाजावरच राहणाऱ्या खलाशाने कसर करावी की नाही, यावर फकीहांनी डोकं चालवलंय. हंबलींच्या मते त्याने पूर्ण नमाज पढावी, कारण जहाज हेच त्याचं घर. शाफईंच्या मते कसर चालते. चार पिढ्या समुद्रावर काढलेल्या आमच्या लोकांनी दुसरं मत धरलं, यात नवल नाही.

परतीचा रस्ता पुन्हा तांजे मेद. बंदराच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला, झुडपांत, मुलं उभी असतात. पंधरा-वीस वर्षांची. काही मोरोक्कोचीच, काही सहाराच्या खालून आलेली. ट्रकखाली, डिकीत, जमेल तिथे लपून पलीकडे जायचं. या प्रवासाला निघालेल्यांना तिकडे 'हर्रागा' म्हणतात, म्हणजे जाळणारे. पकडले गेलो तरी कुठे परत पाठवायचं हे कळू नये म्हणून ओळखीचे कागद जाळून टाकणारे. आम्ही डिझेल भरायला थांबलो तेव्हा त्यातला एक जण गाडीजवळ आला. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. आधी खाली वाकून गाडीचं पोट पाहिलं. मग आपाने पाव आणि खजूर दिले, ते त्याने घेतले. तिने मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, "किती दिवस?" त्याने बोटांनी दाखवलं ते दिवस नव्हते, महिने होते. सात. मग समुद्राकडे हात करून म्हणाला, "अल-लैल." आज रात्री.

दुल्हेभाईंनी उतरून मागच्या सामानाच्या कप्प्याचं कुलूप तपासलं, बॅटरीच्या उजेडात खालून गाडी पाहिली. ते करावंच लागतं. लपलेला माणूस सापडला तर चालकालाही जाब द्यावा लागतो. शिवाय गाडीखाली लोंबकळणाऱ्याचा जीवच जाऊ शकतो. बंदरात मग आम्हाला उतरवून गाडी मोठ्या स्कॅनरमधून काढली, कुत्रं फिरवलं.

बोटीवर दुल्हेभाई बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी त्यांच्या अब्बांची गोष्ट काढली. ती मला ठाऊक होती, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. अब्बा खलाशी होते. पन्नासच्या दशकात इंग्लंडच्या एका गोदीत जहाज लागलं, ते उतरले आणि परत चढलेच नाहीत. खिशात ना पासपोर्ट, ना पत्ता. तरी त्यांना कुणी हाकललं नाही. 1948 च्या कायद्याने भारतासारख्या कॉमनवेल्थ देशांच्या माणसाला तिथे राहायचा हक्क होता. तो हक्क 1962 च्या कायद्याने आवळला. तोवर अब्बा कारखान्यात कायम झाले होते. 1966 साली त्यांनी बायकोला आणि बारा वर्षांच्या मुलाला गावाहून बोलावून घेतलं.

"अब्बा आणि तो पोरगा, फरक सालाचा आहे," दुल्हेभाई म्हणाले. एवढंच.

अल्हेसिरासला उतरल्यावर युरोपियनांची रांग वेगळी, बाकीच्यांची वेगळी. ब्रेक्झिटच्या कृपेने आम्ही चौघं एकाच रांगेत होतो. त्यांच्या पासपोर्टवर शिक्का पडला, आमचा व्हिसा पाहून मग शिक्का पडला. आमच्या व्हिसाचे सहा दिवस उरले होते, ते मालागाच्या आसपास काढले. ते दोघं पुढे पोर्तुगालला गेले.

कसरच्या मसल्यात एक पोटकलम आहे, ते मदरशात आम्ही घाईघाईने पाठ केलं होतं. ज्याचा राहण्याचा इरादाच नाही, 'आज निघू, उद्या निघू' म्हणत जो अडकून पडलाय, त्याला चार दिवसांचा नियम लागत नाही. शाफई त्याला अठरा दिवसांपर्यंत मुसाफिर मानतात. हनफींकडे तर मर्यादाच नाही, महिने गेले, वर्षं गेली तरी तो मुसाफिर. याचा दाखला म्हणून सांगतात की हजरत इब्न उमर अझरबैजानात बर्फामुळे सहा महिने अडकले आणि तेवढे दिवस कसर करत राहिले. जकात कुणाला द्यायची त्या आठ वर्गांतही कुरआनात 'इब्न-उस-सबील' आहे, म्हणजे वाटेचा लेक. घरी त्याची स्थिती कशीही असो, वाटेत तो अडलेला आहे, एवढं पुरतं.

बंदराबाहेरचा तो मुलगा सात महिने रोज 'आज रात्री' म्हणतो. आम्ही चहा पीत, ट्रकच्या मागे मागे फिरलो आणि तीन आठवड्यांत दोनदा मुकीम झालो, एकदा शेफशाऊनला, एकदा मालागाला. फिकहच्या पुस्तकाप्रमाणे आम्हा दोघांत खरा मुसाफिर तोच आहे.